वहिनीच्या हातची पन्नास काडतुसं

टॅमरॅक, मोंटाना
१९ जून २०२१

प्रिय लेलंड भावजी,

आधी चांगली बातमी सांगते, कारण पुढे सगळे शिव्याशापच आहेत. सोडतीत माझं नाव लागलं! सतरा वर्षं तुमचा भाऊ आणि मी दर वसंतात वरच्या डोंगरातल्या नर एल्क हरणाच्या शिकारीच्या परवान्यासाठी अर्ज करत होतो. हॅल्वर जाऊन दीड वर्ष झालं आणि आता सरकारला माझी आठवण झाली. पुन्हा नाव लागायला आणखी सतरा वर्षं लागली तर मी अठ्ठ्याऐंशीची असेन. म्हणजे जे काय व्हायचं ते याच मोसमात.

रायफल साफ करून ठेवली. तिच्या मापाची तयार काडतुसं कारखान्याने माझ्या लग्नाआधीच बंद केली, हे तुम्हाला माहीत आहे. चाळीस वर्षं मीच घरी भरत आले. पुंगळ्या आहेत, दारू आहे, गोळ्या आहेत. नाहीत त्या टोप्या. पुंगळीच्या बुडाला बसवायची, दारूला ठिणगी देणारी ती वाटाण्याएवढी पितळी टोपी नसेल तर बाकीचं सगळं नुसतं भंगार. माझ्या तळघरात या टोप्यांची बावीस खोकी होती, खोक्याला हजार. पण हॅल्वरच्या दफनानंतर मी दोन महिने बहिणीकडे स्पोकेनला होते, तेव्हा तुम्ही घर आवरलंत, आणि प्रॅट दुकानदाराने सगळा माल ओल लागलाय म्हणून उचलून नेला. शंभर डॉलर ठेवले होतेत तुम्ही फळीवर. मी काही बोलले नाही. तेव्हा मला नवरा नव्हता, टोप्यांचं काय घेऊन बसता.

काल प्रॅटच्या दुकानात गेले. तुम्ही बरेच दिवसांत आला नाहीत म्हणून सांगते, आता टोप्या काचेच्या कपाटात असतात, कुलूप लावून, सोन्याच्या बांगड्यांसारख्या. सगळ्या देशात तुटवडा आहे म्हणे. पस्तीस डॉलरचं खोकं तीनशेला. मी चष्मा लावून वाकले तर खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेलं: "९ मे. गारा. हॅल्वर टोपी विसरला, डोकं सुजलं."

माझं अक्षर, भावजी! मी प्रत्येक खोक्यावर त्या दिवसाचं हवामान लिहिते.

मी म्हटलं, "वेंडेल, हा माझा माल आहे."

तो म्हणाला, "होता. रीतसर घेतलाय. तुमच्या दिराला विचारा."

"ओल लागली होती ना?"

"वाळला," म्हणाला. वर हसून, "तुमच्यासाठी दोनशे ऐंशी करतो. हॅल्वर चांगला माणूस होता."

मागे रांगेत चार माणसं उभी होती, चारही जण माझ्याऐवजी कपाटाकडे बघत होते. सगळ्यांना त्याच कपाटातलं हवं होतं.

मला खरं सांगा, तो तुम्हाला नक्की काय म्हणाला? तुम्हाला ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक आहे. तो ओठ हलवत राहिला असणार आणि तुम्ही मान डोलावत राहिला असणार. बहिऱ्या माणसाला फसवलं याचा मला जास्त संताप आहे. त्याच्याकडून एक टोपी घेणार नाही. पण त्याला सुखाने विकूही देणार नाही, हे लिहून ठेवा.

तुमची वहिनी,
सिग्ने

*

मिझूला
२ जुलै २०२१

प्रिय वहिनी,

अभिनंदन! जोलीनलाही सांगितलं. तिने मिठीच मारली, जणू परवाना बापालाच मिळाला. आता मुलीच्या घरी राहतो म्हणजे असलं सगळं सोसावं लागतं.

प्रॅटचं म्हणाल तर तुम्ही ओळखलंत तसंच झालं. तो बोलत होता, मी मान हलवत होतो. "ओल" एवढा एकच शब्द मला ओठांवरून कळला. एका खोक्याचा कोपरा खरंच मऊ पडला होता, तो त्याने बोटाने दाबून दाखवला. मला वाटलं, बाईमाणूस एकटी, घरात एवढा स्फोटक माल कशाला. चूक झाली असेल तर माझी. हॅल्वर गेल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

पण वहिनी, सोडून द्या. भाव सगळीकडेच पेटलेत. इथे तर माणसं दुकान उघडण्याआधी गाडीत झोपून असतात. तुमचं रक्तदाबाचं दुखणं, त्यात हा राग. मी इथे शोधतो कुठे मिळतात का. तुमच्या एल्कपुरत्या टोप्या मिळाल्याशी कारण.

हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो. अक्षर लागलं तर ठीक, नाही तर अंदाजाने वाचा.

तुमचा,
लेलंड

*

टॅमरॅक
२० जुलै २०२१

प्रिय भावजी,

अक्षर लागलं. सल्ला लागला नाही.

सोडून देणं मला येत नाही, हे तुमच्या भावाने तुम्हाला कधी सांगितलं नाही का? आधी मी सरळ मार्गाने गेले. चर्चमधल्या कॉफीच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. माणसं चुकचुकली, केक खाल्ला, आणि सोमवारी प्रॅटच्या रांगेत उभी राहिली. मोसम तोंडावर आलाय, कुणाला भांडण परवडत नाही.

मग मी विचार केला की त्याचंच वाक्य त्याच्या गळ्यात अडकवावं. पोस्टाच्या फळ्यावर कागद लावलाय. मोठ्या अक्षरात:

"श्री. वेंडेल प्रॅट यांनी डिसेंबर २०१९ मध्ये माझ्या तळघरातला टोप्यांचा माल ओल लागलेला व निरुपयोगी आहे असं सांगून नेला. तोच माल ते आज तीनशे डॉलर खोक्याने विकत आहेत. ते तेव्हा खोटं बोलले किंवा आज बोलत आहेत. खोक्यांवर हवामान लिहिलेलं आहे, बघून घ्यावं. सिग्ने टॉर्विक."

आता गंमत बघा. ऐन मोसमात एल्क समोर असताना चाप ओढला आणि नुसतं टक् वाजलं तर काय, ही भीती माणसाला किमतीपेक्षा मोठी. चार दिवसांत सहा जणांनी खोकी परत नेऊन आदळली. पोस्टातली बाई सांगत होती, प्रॅट बायबलवर हात ठेवून शपथ घेतो की माल कोरडा ठणठणीत आहे. मग तेव्हा ओला का म्हणालास, असं लोक विचारतात, आणि तो कपाटाची काच पुसायला लागतो. मला इतकं बरं वाटतंय भावजी, की दीड वर्षांत पहिल्यांदा पूर्ण जेवले.

आता तुमचं काम. तो म्हणतो, मी ओल असं बोललोच नाही. साक्षीदार एकटे तुम्ही. सोबत कागद पाठवतेय, त्यावर दोन ओळी आहेत: त्याने ओल म्हटलं आणि शंभर डॉलर दिले. खाली सही करा आणि परतीच्या टपालाने धाडा. हात थरथरला तरी चालेल, सही तुमची आहे हे कळलं की झालं. पुढच्या आठवड्यात तो कागद पहिल्याच्या शेजारी लागला पाहिजे.

सिग्ने

*

मिझूला
८ ऑगस्ट २०२१

प्रिय वहिनी,

उशीर झाला. प्रकृती बरी नव्हती.

सहीचं जरा राहू द्या. दीड वर्षापूर्वी ओठांवरून काय वाचलं, त्यावर सही करायची म्हणजे वकिलाने विचारलं तर मी काय सांगणार? प्रॅट कोर्टात जाणारा माणूस आहे. मला या वयात ते झेपणार नाही. आणि खरं सांगू का, हॅल्वरला हे आवडलं नसतं. गावात त्याचं नाव होतं, त्याच्या बायकोचा कागद पोस्टात लटकतोय. काढून टाका वहिनी, माझ्यासाठी.

रिकाम्या हाताने मागत नाही. इथे गेल्या रविवारी बंदुकांची जत्रा भरली होती. तिथे एका म्हाताऱ्याने खोक्याविना सुट्ट्या टोप्या विकायला आणल्या होत्या. माझ्या ओळखीने त्याने जुन्याच भावात दिल्या. दोन हजार आहेत. टपालाने पाठवता येत नाहीत म्हणून लाकूड वाहणाऱ्या ट्रकवरच्या रॉयबरोबर कॉफीच्या डब्यात घालून पाठवतोय. सगळ्या तुमच्या.

एकच विनंती. मला या मोसमासाठी पन्नास काडतुसं भरून द्याल का? तुम्हाला ठाऊक आहे, दुसऱ्याने भरलेलं काडतूस मी आयुष्यात बंदुकीत घातलं नाही; दारू जरा जास्त पडली तर रायफल तोंडावरच फुटते. आपल्यातलं कुणीच घालत नाही, हॅल्वर सोडून. शिकारीच्या तळावर तो दरवर्षी मला तुम्ही माझ्या मापाची भरलेली द्यायचा आणि मी नको म्हणायचो. पण आता दुकानांत तयार एकही नाही, आणि माझ्या हाताने दारू मोजली तर घर उडेल. कदाचित हा माझा शेवटचाच मोसम. जोलीनचा नवरा मला डोंगरापर्यंत गाडीने नेणार आहे. पुंगळ्या आणि माप डब्यातच आहेत.

तुमचा,
लेलंड

*

टॅमरॅक
२७ ऑगस्ट २०२१

प्रिय भावजी,

डबा पोचला. रॉय दारातच उभा राहून पाय खाजवत होता, त्याला पाय दिला, म्हणजे सफरचंदाचा.

केवढं केलंत माझ्यासाठी! त्या जत्रेतल्या म्हाताऱ्याचा पत्ता असेल तर कळवा, आभाराचं कार्ड पाठवीन. कागद तुमच्या शब्दाखातर काढला. नाही तरी त्याने त्याचं काम केलंय. प्रॅटच्या कपाटात आठ खोकी धूळ खात पडलीत.

तुमची पन्नास अवश्य भरून देते. घाई करू नका. आपल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, एकेक दाणा तोलून भरावा लागेल.

सिग्ने

*

मिझूला
१० सप्टेंबर २०२१

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र वाचून मणाचं ओझं उतरलं. जोलीन म्हणाली, बाबा आज हसताय काय एकटेच.

त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहिलं. अशी माणसं जत्रेत येतात आणि जातात.

घाई नाही, पण २३ ऑक्टोबरला मोसम उघडतोय, तेवढं ध्यानात असू द्या. मी नवीन बूट घेतलेत. परसात रिकाम्या रायफलने नेम धरून बसतो. खांबाचा आधार घेतला की हात बऱ्यापैकी स्थिर राहतो. शेजारी मला वेडा समजतात.

तुमचा,
लेलंड

*

टॅमरॅक
१२ ऑक्टोबर २०२१

लेलंड भावजी,

सोबत रॉयच्या हाती पन्नास काडतुसं पाठवत आहे. त्यांच्याबद्दल लिहिण्याआधी नेलपॉलिशबद्दल लिहिते.

टोप्या कागदी खोक्यात असतात, आणि आत शंभर-शंभरच्या तबकड्या. तुम्ही वरची खोकी फाडून फेकलीत, कारण त्यांवर माझं हवामान होतं. हुशारी केलीत. पण तुम्ही कधी घरी काडतुसं भरली नाहीत, म्हणून एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती. दोन मापांच्या टोप्या दिसायला सारख्याच, आणि एकदा माझ्याकडून मिसळल्या होत्या. तेव्हापासून मी प्रत्येक तबकडीच्या बुडाला त्या वर्षीच्या नेलपॉलिशचा ठिपका लावते. हॅल्वर हसायचा, म्हणायचा, आपल्या तळघरात टोप्या पण नटतात.

तुमच्या डब्यातली पहिली तबकडी मी उलटी केली. शेंदरी ठिपका. दुसरी, शेंदरी. २०१४ साल. वीसच्या वीस तबकड्या शेंदरी. जत्रेतल्या म्हाताऱ्याच्या बायकोची आवड माझ्यासारखीच असेल, असं मी दहा मिनिटं स्वतःला सांगून पाहिलं. खरंच पाहिलं. मग गाडी काढली आणि प्रॅटकडे गेले.

त्याने माझं तोंड पाहून काउंटरपासून दोन पावलं मागे घेतली. मी तबकडी ठेवली. म्हटलं, "ही माझ्या दिराकडे कशी?"

तो इतका खूश झाला की काय सांगू. तीन महिने गावाच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला बोलायला तोंड मिळालं. "मी कधी ओल म्हणालो, सिग्ने? ओल त्याने म्हटलं! बावीसांतली अकरा माझी, अकरा त्याची, असा सौदा होता. मी त्याला अकरांचे रोख दोनशे दिले. त्यातले शंभर त्याने तुमच्या फळीवर ठेवले. म्हणाला, वहिनीला काय कळतंय, ती आता स्पोकेनलाच राहील."

वहिनीला काय कळतंय! चाळीस वर्षं तुमच्या भावाने माझ्या हातची काडतुसं उडवली. लोक त्याला हसायचे की हा बायकोच्या भरवशावर छातीजवळ स्फोट करतो. त्याला माझी खात्री होती. तुम्ही त्याच्या कबरीवरची माती वाळायच्या आत माझ्या तळघरात उतरलात, आणि मी तुम्हाला बिचारा बहिरा माणूस म्हणून गावभर सांगत फिरले. तुमच्यासाठी मी एका माणसाला बदनाम केलं. तो चोर आहेच, पण अर्धा.

आता काडतुसांबद्दल. पन्नास आहेत. तुम्ही मागितली, मी भरली, शब्द पाळला. त्यांतली बरीचशी हॅल्वरची आठवण काढत भरली. एक प्रॅटचं तोंड डोळ्यांसमोर आणून भरलं. आणि एक तुमचं. कुठलं ते आता मला आठवत नाही.

तुम्ही मला पंचेचाळीस वर्षं ओळखता. बाई कशी आहे ते तुमचं तुम्ही ठरवा आणि मग रायफल खांद्याला लावा.

मोसमाच्या शुभेच्छा.

सिग्ने टॉर्विक

*

मिझूला
१८ नोव्हेंबर २०२१

वहिनी,

लिहायला तोंड नाही, तरी लिहितो.

काडतुसं आली त्या दिवशी मी ती टेबलावर रांगेत लावली आणि बघत बसलो. एकेक कानाजवळ नेऊन हलवलं, बहिरा असून! जोलीनने विचारलं, बाबा काय झालं. मी काय सांगणार? जावई म्हणाला, नवीन बूट घातले नाहीत अजून? मोसम उघडला तेव्हा पोट दुखतंय म्हणालो. तो मित्राबरोबर गेला.

मग मी गोळी उपसायची खेचणी आणि तराजू आणला आणि काडतुसं उघडायला घेतली. हाताची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. दिवसाला दोन किंवा तीन व्हायची. गोळी निघाली की दारू सांडायची, ती कागदावर गोळा करून दाणा दाणा तोलायची. तीन आठवड्यांवर गेले. कालच पन्नासावं झालं.

काही नव्हतं, वहिनी. पन्नासही बरोबर. मी मागितलं तेच माप, एका दाण्याचा फरक नाही. मी आयुष्यात इतकं नेटकं काम पाहिलं नाही. आणि आता माझ्यासमोर पन्नास पुंगळ्या, पन्नास गोळ्या आणि दारूची बरणी पडलीय. मला ती परत भरता येत नाहीत, या गावात भरून देणारं कुणी ओळखीचं नाही. मोसमाचे दहा दिवस उरलेत. असं का केलंत?

हो, प्रॅट खरं बोलला. टोप्यांचे भाव चढणार असं मी ऐकून होतो, आणि मुलीच्या घरी फुकट राहायची लाज वाटायची. विकून तिच्या हातावर काही ठेवावं असं वाटलं. पण अजून चढेल, अजून चढेल म्हणत एकही विकलं नाही. नऊ खोकी पलंगाखाली आहेत. ती सगळी परत देतो. रॉय पुढच्या आठवड्यात येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. प्रॅटचे शंभर डॉलरही पाठवतो. तुम्ही फक्त एक ओळ लिहा. हॅल्वरचा मी एकटाच भाऊ.

लेलंड

*

टॅमरॅक
२९ नोव्हेंबर २०२१

लेलंड,

चौदा तारखेला वरच्या कुरणाच्या कडेला मला नर एल्क दिसला. सहा-सहा फाट्यांची शिंगं. एकच काडतूस लागलं. तो पडल्यावर मी तिथेच बसून रडले, पण ते हॅल्वरसाठी होतं, तुमच्यासाठी एक थेंब नाही. चर्चमधल्या चौघांनी मांस खाली आणायला मदत केली. त्यांना एकेक तंगडी दिली. प्रॅटने टोप्यांचं खोकं चाळीस डॉलरला देतो म्हणून निरोप धाडला, तर मी उलट निरोप दिला की ओल लागलेला माल मी घेत नाही.

तुम्ही विचारता, असं का केलं. मी काहीच केलं नाही. दिराने मागितली तशी पन्नास काडतुसं भरून दिली. एखादं वाकडं भरायला माझा हात वळतो का ते पाहिलं होतं खरं. तुमचं तोंड आठवून जे भरलं, ते चार वेळा तोललं, कारण रागाने चूक होईल अशी भीती वाटली. तुमच्या भावाने चाळीस वर्षांत एकदाही उघडून पाहिलं नाही. तुम्ही पन्नासही उघडलीत. माणसाने जे केलेलं असतं तेच त्याला दुसऱ्याच्या हातात दिसतं.

तुमचा मोसम गेला याचं मला वाईट वाटतं का, असं स्वतःला विचारलं. बुटांचं थोडं वाटलं. बाकी नाही.

शंभर डॉलर जोलीनला द्या, ती तुम्हाला सांभाळते. टोप्या मात्र रॉयबरोबर पाठवू नका. आल्या तर मी त्याच ट्रकने परत पाठवीन. विकायला जाल तर आधी बुडं पुसून काढा, कारण तुमच्या तिकडच्या रायफल क्लबाच्या फळ्यावर मी शेंदरी ठिपक्याबद्दल सविस्तर लिहून पाठवलंय, तुमच्या नावासकट.

त्या पलंगाखालीच असू द्या. सगळ्या देशात ज्यासाठी माणसं रांगा लावतात, त्या नऊ हजार टोप्या आहेत तुमच्याकडे. आणि भरून देणारी एकच बाई होती.

सिग्ने